कोकणात न येणारा पांढरा टूना

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात राहणाऱ्याला समुद्र शेकडो किलोमीटर दूर. अशा गावी टूना पोचतो तो बहुधा डब्यातून. डब्यावर ‘व्हाइट टूना’ लिहिले असेल, तर आतला मासा अल्बाकोर असायला हवा. अमेरिकेच्या नियमांनुसार तर दुसऱ्या कुठल्याही टूनाला ‘व्हाइट’ म्हणून विकता येत नाही.

या माशाचे शास्त्रीय नाव थुन्नस अलालुंगा. त्याला ओळखायचे ते छातीच्या परांवरून. कल्ल्यामागून निघालेले हे पर पाठीवरच्या दुसऱ्या परालाही मागे टाकून जातात. पूर्ण वाढलेल्या माशात त्यांची लांबी अंगाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भरते. शेपटीला बारीक पांढरी किनार असते. मासा १४० सेंटिमीटर आणि ६० किलोपर्यंत वाढू शकतो, पण जाळ्यात येतात ते बहुतेक मीटरभराच्या आतले.

बहुतेक मासे भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असतात. टूना तसा नाही. पोहून तापलेल्या स्नायूंमधले रक्त कल्ल्यांकडे परतताना, कल्ल्यांतून येणाऱ्या थंड रक्ताला अगदी खेटून वाहते. बारीक रक्तवाहिन्यांच्या त्या जाळीत ऊब एका प्रवाहातून दुसऱ्यात उतरते आणि अंगातच राहते. त्यामुळे थंड पाण्यातही त्याचे स्नायू जोरकस राहतात. मात्र त्याला विसावा नाही. तोंड उघडे ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहते. थांबला की गुदमरतो.

अल्बाकोर भूमध्य समुद्रात आहे, अटलांटिक आणि प्रशांत महासागरांत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आहे. हिंदी महासागरात मात्र त्याचा वावर साधारण ५ अंश उत्तरेपासून ४० अंश दक्षिणेपर्यंतच. मालवण १६ अंशांवर, मुंबई १९वर. म्हणजे आपला किनारा त्याच्या हद्दीबाहेर. मला या माशाच्या साऱ्या माहितीत ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, कारण तिचे मूळ पृथ्वीच्या नकाशात आहे. मोठ्या महासागरांत उत्तरेला आणि दक्षिणेला पाण्याची विशाल चक्रे कायम फिरत असतात, आणि अल्बाकोर त्या चक्रांचा रहिवासी. आपल्या महासागराचे उत्तरेचे तोंड आशिया खंडाने बंद केले आहे. इथले प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलतात, त्यामुळे उत्तरेचे स्थिर चक्र तयारच होत नाही. त्यात अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरखाली प्राणवायू फार कमी. खोल पाण्यात शिकार करणाऱ्या माशाला तो समुद्र मानवत नाही.

कॅलिफोर्नियात डब्यातल्या टूनाचा धंदा १९०३ साली सुरू झाला. त्या वर्षी सार्डिन कमी पडली, तेव्हा सॅन पेद्रोच्या कारखान्यात अल्बाकोर डब्यात भरून पाहिला गेला. शिजल्यावर त्याचे मांस फिकट आणि चवीला सौम्य होते, म्हणून मासे न खाणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते रुचले. प्रथिने आणि ओमेगा-३ भरपूर. पण पारा मात्र साध्या ‘लाइट’ टूनाच्या सुमारे तिप्पट असतो. गरोदर बाईने हा मासा आठवड्यातून एकदाच, तोही शंभर ग्रॅमच्या आसपास खावा, हे जपायलाच हवे.

आपला टूना वेगळा. कोकणच्या बंदरांवर येतो तो कुपा. काही ठिकाणी त्यालाच गेदर म्हणतात. कुप्याच्या पाठीवर तिरक्या, तुटक रेघा असतात, आणि छातीच्या पराखाली पोटाच्या बाजूला मोजके काळे ठिपके, जणू बोट टेकवल्यासारखे. कापला की काट्यालगत काळपट लाल मांसाचा पट्टा दिसतो. सतत पोहण्याचे काम करणारा हा भाग चवीला उग्र, म्हणून पापलेट-सुरमई खाणारी घरे कुप्याला नाक मुरडतात. तिरफळ-कोकम घालून केलेले त्याचे सुके ज्यांनी मन लावून खाल्ले आहे, ते तसे करणार नाहीत.

कुपा मागे पडतो त्यात खरा दोष बर्फाचा आहे. टूनाचे अंग मुळातच गरम, आणि पकडताना धडपडून आणखी तापते. मासा वेळेवर थंड झाला नाही, तर जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. आणि हे विष शिजवून जात नाही. जपानी बाजारात टूनाला सोन्याचा भाव मिळतो, त्यामागे मासा होडीवर येताच त्याचे रक्त काढून तो बर्फात पुरण्याची शिस्त आहे.

लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या लोकांनी बर्फाविना वाट काढली. ते गळाच्या काठीने एकेक टूना पकडतात, मांसाचे लांब तुकडे उकडतात, धुरी देतात आणि उन्हात लाकडासारखे कडक होईपर्यंत वाळवतात. हे मासमीन महिनोन्‌महिने टिकते. कोकणातल्या मच्छीमार सोसायट्यांनी कुप्यावर हा प्रयोग जरूर करून पाहावा. त्याला शीतगृह लागत नाही, आणि रेल्वेने कितीही दूर पाठवता येईल.