खर्च आधी, गौरव मागाहून

डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या जागतिक पॅरा-जलतरण स्पर्धेत नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी दोनशे मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. मूळच्या अमरावतीच्या आणि जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या या जलतरणपटूचे नाव चार दिवस सर्वत्र गाजले. परंतु त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्या बर्लिनमध्ये कोणत्या अवस्थेत होत्या, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. मेक्सिकोची पात्रता मिळविण्यासाठी त्या तेथील स्पर्धेत उतरल्या होत्या. शासनाने मंजूर केलेली रक्कम त्यांच्या हाती वेळेवर पडली नाही आणि परक्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी उसने पैसे घेण्याची पाळी आली, असे त्या वेळच्या बातम्यांतून उघड झाले. तशाही स्थितीत त्यांनी रौप्यपदक जिंकले आणि पात्रता गाठली. बोभाटा झाल्यावर ऑलिंपिक विजेते नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, क्रीडामंत्र्यांनी विचारणा केली, संबंधित संस्थांनी परस्परांकडे बोट दाखविले. पैसा मंजूर होता, स्पर्धेची तारीखही आधीपासून ठाऊक होती. खेळाडू मात्र पैशाच्या आधी बर्लिनला पोचला!

याला कारकुनी दिरंगाई म्हणून सोडून देता आले असते. पण या दिरंगाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही. दृष्टिहीन जलतरणपटूची शर्यत कशी होते हे पाहिल्यावाचून त्या झळीची कल्पना येणार नाही.

पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंधत्व असलेल्या जलतरणपटूंचा गट ‘एस ११’ या नावाने ओळखला जातो. कोणाला किंचित प्रकाश जाणवतो, कोणाला तोही नाही. म्हणून सर्वांनी काळा केलेला गॉगल घालावा असा नियम आहे. मिडले शर्यतीत पन्नास-पन्नास मीटरचे चार टप्पे असतात: बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल. डोळस पोहणारा बॅकस्ट्रोकच्या वेळी डोक्यावरून जाणाऱ्या पताकांकडे पाहतो आणि भिंत पाच मीटरवर आली हे ओळखतो. अंध पोहणाऱ्याला पताका नाहीत. त्याने हातांचे फटकारे मोजायचे, दोराचा स्पर्श झाला की मार्गिकेच्या मध्याकडे सरकायचे, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या सहाय्यकावर भरवसा ठेवायचा. या सहाय्यकाला टॅपर म्हणतात. टोकाला मऊ गोळा लावलेल्या लांब काठीने तो पोहणाऱ्याच्या डोक्याला किंवा पाठीला नेमक्या क्षणी स्पर्श करतो. क्षणभर आधी केला तर वळण आखूड पडते. क्षणभर उशीर झाला तर पूर्ण वेगात भिंतीवर आदळण्याची भीती. तलावाच्या दोन टोकांना दोन टॅपर लागतात, आणि कोणाचा फटकारा किती लांब पडतो हे महिनोन् महिन्यांच्या सरावानेच त्यांना कळते. नियमकर्त्यांनीही या अडचणींचा बारकाईने विचार केलेला दिसतो. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. पण अंध खेळाडू दोराच्या फार जवळ असल्यामुळे तसे जमले नाही, आणि त्याला त्याचा गैरफायदा मिळालेला नसेल, तर त्याला बाद करीत नाहीत.

जो विवेक नियमपुस्तिकेत आहे तो हिशेबाच्या वहीत का नसावा? आपल्याकडील क्रीडाखर्चाचा हिशेब ‘दर खेळाडूमागे’ या एककाने मांडण्याची सवय आहे. अंध जलतरणपटूच्या बाबतीत हे एककच चुकीचे ठरते. तेथे खेळाडू आणि टॅपर मिळून एक एकक होते. तिकीट, निवास, भोजन या सर्वांचा खर्च त्या प्रमाणात वाढतो. शिवाय हा खर्च आधी करावा लागतो, आणि शासनाचे औदार्य मात्र पदकानंतर जागे होते. पॅरालिंपिकमधील सुवर्णासाठी केंद्राने पंचाहत्तर लाखांचे पारितोषिक ठेवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पारितोषिक यशस्वी झालेल्यास मिळते; यशापर्यंत पोचण्याचा धोका ज्याचा त्याने पत्करायचा. कांचनमाला पांडे रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरीला होत्या. दरमहा पगार हाती येणारा माणूस निदान उसनवारी फेडण्याची उमेद बाळगू शकतो. शिकत असलेल्या अंध मुलीने काय करायचे?

मेक्सिकोच्या पदकालाही नाके मुरडणारे आढळले. तेथील भूकंपामुळे सप्टेंबरअखेरची स्पर्धा डिसेंबरमध्ये गेली आणि काही देशांचे संघ आले नाहीत, असे त्यांचे म्हणणे. जे आले त्यांच्यातूनच विजेता ठरतो, एवढेच त्यांना सांगता येईल. आणि येणे किती कठीण असते, हे बर्लिनने दाखविलेच होते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे बर्लिनच्या आधी तीनच महिने, अमलात आला होता. त्याच्या तिसाव्या कलमात क्रीडाविषयक सोयी-सुविधा देण्याचे बंधन शासनावर आहे. त्याचा अर्थ केवळ परदेशवारीपुरता घेऊ नये. मुंबईच्या उपनगरांचेच पाहा. अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे, मुलुंड व कांदिवली येथे महापालिकेचे तलाव आहेत. बॅचच्या वेळी अशा सार्वजनिक तलावावर जी गर्दी लोटते, तीत अंध मुलाला सरळ रेषेत पंचवीस मीटर पोहणे दुरापास्त होय. त्याला दोर लावलेली एक मोकळी मार्गिका हवी, आठवड्यातून काही तास राखून ठेवलेली. आणि काठी घेऊन उभे राहायला शिकविलेले दोन माणूस. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम शिकू शकतील. खर्च म्हणावा तर तो एका सत्कारसमारंभाच्या मांडवाहून अधिक नसेल.

धावण्याच्या शर्यतीत अंध धावपटूसोबत जो मार्गदर्शक धावतो त्याच्याही गळ्यात पदक पडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्मा यांच्याबरोबर त्यांचे मार्गदर्शक अभय सिंह यांनाही कांस्य मिळाले. टॅपरला असे पदक नाही. मग निदान त्याचे तिकीट तरी आधी काढलेले असावे. पॅरिसहून भारताने एकोणतीस पदके आणली, त्यांत जलतरणाचे एकही नव्हते. पॅरालिंपिकच्या तलावातील भारताचे एकमेव पदक अद्याप १९७२ चे, हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये जिंकलेले सुवर्ण, हेच आहे.