राधानगरीचे सात दरवाजे

पावसाळ्यात कोल्हापूरकर दोन आकड्यांची चौकशी करत असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. दुसरा आकडा वाढला की धरणाखाली भोगावतीकाठच्या गावांत धावपळ सुरू होते. नदीत सोडलेल्या मोटारी काढायच्या, पाइप सोडवायचे, गोठ्यातली जनावरं वरच्या अंगाला न्यायची. अपरात्री, चिखलात, बॅटरीच्या उजेडात चारपाच जण मिळून पंप दोरखंडानं ओढून काढतात. एक मोटर बुडाली की तिचं वाइंडिंग, तिची वाहतूक आणि तोवर उसाला न मिळालेलं पाणी, असा सगळाच हिशेब अंगावर येतो.

ज्या दरवाजांमुळे ही धावपळ होते, ते कुणीही उघडत नाही. धरण काठोकाठ भरलं की ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की आपोआप बंद होतात. वीज लागत नाही, मोटर लागत नाही, वरून आदेश लागत नाही. संपादकांनी मला पाठवलं होतं दाजीपूरच्या अभयारण्यावर लिहायला. गवे पाहिले, जंगलही पाहिलं, पण लिहायला बसल्यावर मन या सात दरवाजांपाशीच घुटमळत राहिलं.

धरणाचा इतिहास कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. शतक बदलताना पडलेल्या दुष्काळांनी राजर्षी शाहू महाराजांना पाण्याचा विचार करायला लावला. 1902 मध्ये संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं धोरण जाहीर केलं आणि त्या दशकाच्या अखेरीस फेजिवड्याजवळ भोगावतीवर भिंत उभी राहू लागली. छोट्या संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारं काम होतं ते. 1918 पर्यंत भिंत जेमतेम 40 फुटांवर आली आणि पैसा संपला. महाराज 1922 मध्ये गेले. धरण पुरं व्हायला 1957 साल उजाडलं. त्याला लक्ष्मी तलाव हे नाव मिळालं, तरी सगळे राधानगरीच म्हणतात. साठा 8.36 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. शेजारच्या काळम्मावाडी धरणाचा 25 टीएमसीच्या वर आहे, म्हणजे आजच्या मापानं राधानगरी लहानच.

पण या लहान धरणानं एक खोरं घडवलं, तेही मोठा कालवा न काढता. इथे नदीच कालव्याचं काम करते. धरणाचं पाणी वीजघरातून भोगावतीत येतं. पुढे ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. अडवलेलं पाणी शेतकरी स्वतःच्या किंवा पाणीपुरवठा संस्थेच्या पंपानं उचलून शेतात नेतात. परित्याचा भोगावती साखर कारखाना, काठाकाठानं दिसणारा ऊस, गूळ, म्हशी, दुधाच्या डेअऱ्या हे सगळं त्या उपशावर उभं आहे. उन्हाळ्यात साठा घटला की उपसाबंदी लागते आणि नदीकाठी भांडणं होतात. कोल्हापूर शहरानंही अनेक पिढ्या हेच पाणी पंचगंगेतून उचललं.

आता दरवाजे. सांडव्यावर सात दरवाजे ओळीनं आहेत. एकेका दरवाजाला सिमेंट काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांचा प्रतिभार आहे. तत्त्व जुन्या वाण्याच्या तराजूचं आहे. एकीकडे तलावाच्या पाण्याचा रेटा आणि दुसरीकडे ठोकळ्यांचं वजन. पातळी 347.50 फुटांच्या खाली असेपर्यंत वजन भारी पडतं आणि दरवाजा बंद राहतो. पाणी तिथे पोचलं की रेटा वरचढ होतो, तोल फिरतो आणि दरवाजा उघडतो. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडतं. पातळी थोडी उतरली की ठोकळे पुन्हा भारी होतात.

सातही एकदम उघडत नाहीत. प्रत्येकाचा तोल किंचित वेगळा आहे. बहुतेक वर्षी सहा नंबरचा पहिला हलतो, मग पाऊस असेल तसे बाकीचे. तिथले एक जुने कर्मचारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दरवाजांविषयी घरातल्या माणसांसारखे बोलतात. कुठला चटकन उघडतो, कुठला बंद होताना खळखळ करतो, कुठल्याच्या कडेनं आधी गळती दिसते, हे त्यांना तोंडपाठ. त्यांचं काम म्हणजे पातळी वाचून नोंदवहीत लिहायची, पाऊस मोजायचा, दरवाजा हलला की भोंगा वाजवायचा आणि फोन करायचे. ‘‘दार उघडायचं का न्हाई, ते पाणी ठरवतंय,’’ ते म्हणाले. ‘‘आमी लोकांस्नी सांगायचं. पर सांगायला कुनीतरी जागं पायजे का नको?’’

मी तिथे असताना एक दरवाजा उघडला. आदल्या रात्रभर दाजीपूरकडे पाऊस कोसळला होता आणि पातळी बोटाबोटानं चढत होती. दुपारी मामा छत्री मिटून कठड्याशी जाऊन उभे राहिले, म्हणून मीही गेलो. आधी दरवाजाच्या कडेनं पाण्याची बारीक धार सुटली. मग ती रुंद झाली. एवढं जड धूड हलणार म्हणजे कडाका होईल, दणका बसेल असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. दरवाजा सावकाश, न अडखळता कलला आणि पाण्याचा पांढरा पट्टा खालच्या खडकांवर आदळला. भोंगा वाजला. मामा वहीत वेळ टिपून फोनकडे गेलेसुद्धा. मी मात्र बराच वेळ तिथून हललो नाही. चूक होऊ शकेल अशी एकही जागा त्या यंत्रात ठेवलेली नाही, याचं मला विलक्षण कौतुक वाटलं.

माझी काळजीही तिथेच सुरू झाली. अभियंते विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले, ते भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता यावं म्हणून. राधानगरीच्या दरवाजांमागेही दुष्काळाचीच भीती आहे. शेवटचा थेंब अडवायचा, मग उरलेलं सोडायचं. पूर आवरणं हे काम त्यांना कुणी दिलेलंच नाही. धरण भरायच्या आधी ते उघडता येत नाहीत. तोवर बाहेर जाणारी वाट म्हणजे मुख्यतः वीजघर, जास्तीत जास्त दीड हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. या वेगानं 1 टीएमसी जागा रिकामी करायला जवळजवळ आठ दिवस लागतात, आणि तेही वरून एक थेंब न येता. पावसाळ्यात असे आठ दिवस कुठून मिळणार? उलट सातही दरवाजे उघडले की वीजघर धरून साडेअकरा हजार क्युसेक, म्हणजे दिवसाला 1 टीएमसी, नदीत उतरतं. आणि ते उतरतं नेमकं तेव्हा, जेव्हा कासारी, कुंभी, तुळशी या नद्याही आधीच दुथडी भरून पंचगंगेकडे निघालेल्या असतात.

राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, जुलै 2021 मध्ये तिनं पुन्हा तसंच केलं. महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. त्यानंतर राधानगरीला हवे तेव्हा उघडता येतील असे दरवाजे बसवा ही मागणी जोर धरते आहे. मागणी रास्त आहे. मात्र सगळं खापर या सात दरवाजांवर फोडणं मला पटत नाही. पूररेषेच्या आत भराव टाकून बांधलेल्या इमारती, नदीचं पात्र अडवणारे रस्त्यांचे भराव आणि कुठल्याच धरणानं न अडवलेल्या डोंगरउतारांवरून येणारं पाणी यांचा वाटा मोठा आहे. राधानगरी जुलैत अर्धी रिकामी ठेवली तरी यांतलं काहीही बदलणार नाही.

शिवाय ती रिकामी ठेवायची कुणी? ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारू शकतो. तेव्हा धरण भरलं नाही तर मार्चपासून उपसाबंदी ठरलेली, आणि मग तोच शेतकरी जाब विचारणार. दाजीपूरच्या डोंगरात उद्या किती पाऊस पडेल हे आज भरवशानं कळलं, तरच हातानं उघडायच्या दरवाजाला अर्थ आहे. पाणलोटात पुरेशी पर्जन्यमापकं, त्यांचे आकडे तासातासाला हाताशी आणि पाणी सोडायचा निर्णय रातोरात घेऊ शकेल असा जबाबदार अधिकारी, एवढं आधी हवं. यांत्रिक दरवाजाला वीजही हवी, आणि महापुरात सगळ्यात आधी जाते ती वीज. हातानं चालवायची दारंही अडकतात. डिसेंबर 2021 मध्ये याच धरणाचं सेवाद्वार, म्हणजे गरजेप्रमाणे पाणी सोडायचं दार, दुरुस्ती चालू असताना उघडं अडकलं आणि पाणी भर हिवाळ्यात भोगावतीत वाहून गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं की नवे दरवाजे जरूर बसवावेत, पण सातपैकी दोन-तीन आहेत तसेच ठेवावेत. रोजचा कारभार नव्यांनी बघावा. पण वीज गेली, फोन लागेना, माणूस पोचेना अशा रात्री भिंतीवरून पाणी जाऊ नये, एवढी हमी जुन्यांनी द्यावी. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, ‘‘मग त्यात सहा नंबरचा ऱ्हाणार नव्हं?’’