अंथरूण ओले करणारे मूल



मागच्या गळीत हंगामात बिलाची चौकशी करायला आलेले एक सभासद काम झाल्यावरही घुटमळत उभे राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "नातू नऊ वर्षांचा झाला, अजून अंथरुणात करतो. जूनला वसतिगृहात ठेवायचाय, कसं करावं?" हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे, पण कोणी उघड बोलत नाही. म्हणून आज आम्ही तोच घेतला आहे.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे अंथरूण ओले होणे हा आजार नव्हे. पाचव्या वर्षीही १०० पैकी सुमारे १५ मुलांचे हे सुटलेले नसते. पुढे बहुतेकांचे आपोआप सुटते. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूकडून एक संप्रेरक सुटते, ते काहींत कमी पडते. काहींची लघवीची पिशवी लहान असते. त्यात झोप एवढी गाढ, की पिशवी भरल्याची वर्दीच पोचत नाही. मोटार चालू, पाट भरून वाहतोय आणि दारं धरणारा बांधावर घोरतोय, असा प्रकार! आईला किंवा बापाला लहानपणी हेच असेल तर मुलातही येण्याचा संभव जास्त. तेव्हा पोरावर हात उगारण्याआधी बापाने आपल्या आईला विचारून पाहावे.

मारणे, चारचौघांत लाजवणे, चटक्याची भीती घालणे हे साफ चूक. जे पोर झोपेत करते ते शिक्षेने थांबेल कसे?

दिवसा पाणी भरपूर प्यावे, संध्याकाळनंतर कमी. रात्रीचा चहा बंद. निजताना लघवी करायला लावावी. शौचास खडा होत असेल तर आधी त्यावर इलाज करावा, कारण भरलेल्या आतड्याचा दाब पिशवीवर येतो. एवढ्याने भागले नाही तर ओल लागताच वाजणारी घंटा मिळते. ती दोन-तीन महिने नेटाने लावावी लागते आणि घंटा वाजली की आईबापांनीच उठून मुलाला जागे करावे लागते. डेस्मोप्रेसिनची गोळीही आहे, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ती घेतल्यावर रात्री पाणी जवळजवळ बंद ठेवावे लागते, हे विसरू नये.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, दिवसाही कपडे ओले होऊ लागले किंवा लघवीला जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. फार तहान लागून वजन घटत असेल तर त्याच दिवशी न्यावे. तो मधुमेह असू शकतो, आणि लहान मुलांत त्याला उशीर चालत नाही.

त्या आजोबांना आम्ही एवढेच सांगितले, की जूनची वाट न पाहता आताच डॉक्टरांकडे जा आणि वसतिगृहाच्या रेक्टरांना आधीच विश्वासात घ्या.