नेमामुळे बंदूक जिंकली नाही

‘बंदुकीचा नेम पक्का, म्हणून धनुष्यबाण मागे पडले.’ हे वाक्य व्याख्यानांत, गडांवर, शाळेतल्या मुलांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकलंय की आता खरोखर राग येतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

इंग्रज फौजेची ‘ब्राउन बेस’ बंदूक घ्या. 1722 पासून शतकभराहून जास्त काळ ती शिपायांच्या खांद्यावर होती. नळी आतून सुमारे 19 मिलिमीटर, गोळी जेमतेम साडेसतरा. एवढी सैल गोळी मुद्दामच ठेवलेली. काळ्या दारूची राख नळीत साचते आणि काही बारांनंतर घट्ट गोळी गजाने कितीही ठासली तरी खाली उतरत नाही. सैल गोळी भराभर भरता येई, पण बार उडाला की ती नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची आणि शेवटचा धक्का नेईल तिकडे जायची. ब्रिटिश कर्नल जॉर्ज हँगरने 1814 मध्ये लिहून ठेवलंय, की नेम धरून मारलेली गोळी दीडशे यार्डांवर ज्याला लागेल त्याचं नशीबच खोटं. बेंजामिन फ्रँकलिनने तर फेब्रुवारी 1776 मध्ये अमेरिकी जनरल चार्ल्स ली यांना पत्र लिहून सैन्यात धनुष्यबाण परत आणायला सुचवलं होतं. एक गोळी सुटेपर्यंत चार बाण सुटतात आणि धूरही होत नाही, हा त्याचा हिशेब.

त्याआधीची तोडेदार बंदूक आणखी अडचणीची. जळता तोडा, म्हणजे बार पेटवायची दोरीची वात, हातात आणि दारू कमरेला. पावसात तोडा विझे, रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) भिजे, अंधारात तोड्याचा निखारा शत्रूला ठिकाण दाखवी.

तरीही बंदूक जिंकली, कारण ती शिकायला सोपी होती. 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातली लांब धनुष्यं ओढायला शंभर पौंडांहून अधिक जोर लागे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तशी ताकद लहानपणापासूनच्या सरावाने येते. बंदूकवाला काही आठवड्यांत तयार होई, आणि जवळून त्याची गोळी चिलखतही फोडी.

बंदूक युरोपात जन्मली, हेही खरं नाही. चीनमध्ये तेराव्या शतकातली हातनळी सापडली आहे.

नेम सुधारणारी मळसूत्री खाचांची नळी एकोणिसाव्या शतकातली, हाही गैरसमज. ती सोळाव्या शतकातच होती, पण तिच्यात घट्ट गोळी ठोकून बसवण्यात फार वेळ जाई. तोडगा 1849 मध्ये फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद मिन्येने काढला: भरताना सैल राहणारी, बार उडताच बूड फुगून खाचांत घट्ट बसणारी गोळी. 1857 मध्ये चरबीच्या काडतुसांमुळे आपल्याकडे गाजलेली एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर चालत होती.