भोंगा, वळकटी आणि खाणावळीचं ताट

गिरणगाव कसं बदललं, असं लालबाग-परळच्या कुणाही जुन्या रहिवाशाला विचारलं, तर उत्तर बहुधा आवाजापासून सुरू होतं. सकाळी सातची पहिली पाळी, दुपारी साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी आणि प्रत्येक पाळीआधी गिरण्यांचे भोंगे. घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे. भोंग्यावर चूल पेटायची, डबे भरले जायचे, पोरं शाळेला निघायची. कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. बाहेरच्या माणसाला हा सगळा गोंगाट वाटे. इथल्या माणसाला तो बंद झाला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

इतिहास थोडक्यात असा. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत ताडदेवपासून परळपर्यंत चिमण्याच चिमण्या झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा वाटा शहराला, म्हाडाला आणि मालकांना ठरला. २००१ मध्ये नियम बदलला, शहराचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. बाकीचं सगळं आज टॉवरच्या रूपाने डोळ्यांसमोर उभं आहे.

पण गिरणगावाची खरी गोष्ट गिरणीच्या फाटकाबाहेर होती. ती होती खाणावळीत.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी एकटा यायचा. बायकापोरं गावाला, जमिनीचा तुकडाही तिकडेच. मुंबईत त्याची मिळकत म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. राहायचं गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराच्या त्या खोलीला वीस-वीस, कधी त्याहून जास्त माणसं. एकजण पाळीवर गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर अंग टाकायचा. पथारीची सोय अशी झाली, पण भाकरीचं काय? ती शेजारच्या चाळीतली बाई थापायची.

खाणावळवाली म्हणजे हॉटेलची मालकीण नव्हे. तिचीही खोली तेवढीच, एका बाजूला मोरी, वर माळा. नवरा बहुतेक गिरणीतच, नाहीतर गिरणीतून सुटलेला, आजारी किंवा वारलेला. पहाटे चारला उठून ती पीठ मळायला घेई. पहिल्या पाळीचे डबे सातच्या आत गेले पाहिजेत. मग दुपारची पंगत, मग दुसऱ्या पाळीचे डबे, आणि मध्यरात्री सुटून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटं. पंधरा-वीस मेंबर, म्हणजे महिन्यावर जेवणारे गडी, असले की चपात्यांची चळत शंभराच्या वर जायची. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचा गुरुवार, कोण माळकरी, हे तिला तोंडपाठ. रविवारी मटणाचा वास जिन्यापर्यंत यायचा. मेंबर आजारी पडला तर पेज तिच्याकडूनच मिळायची. महिन्याचे पैसे मात्र पगार झाल्यावर, म्हणजे तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर आणि सावकाराचं जबरी व्याज तिच्या गळ्याशी. या बाईच्या भांडवलावर मुंबईचा कापडधंदा उभा होता, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. कारण कामगाराला पोटभर जेवण इतक्या स्वस्तात मिळालं नसतं, तर त्या पगारात तो गावाला मनिऑर्डर धाडूच शकला नसता.

हे हिशेबाचं सूत्र नेमकं ओळखलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात पायावर गोळी झेललेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या या बाईंनी पाहिलं, की संप कामगार करतात आणि संपकाळात त्यांना उधारीवर जेवू घालून कर्जात बुडते ती खाणावळवाली. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि जिच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं, तिला राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराऐवजी बँकेची पायरी चढताना या बायकांना काय वाटलं असेल! गिरणगावाच्या इतिहासात मोर्चे आणि पुढारी यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. या पायरीबद्दलही तेवढंच लिहायला हवं होतं.

ब्याऐंशीच्या संपाने मेंबरच गेले. कुणी गावाला परतला, कुणी मिळेल ते काम धरलं. खाणावळींच्या वह्यांत थकलेली उधारी तशीच राहिली.

आज लालबागमध्ये फिरताना एक जुना आवाज मात्र अजून कानावर येतो. मसाला कुटणाऱ्या डंखांचा. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घ्यायला ठाणे-कल्याणपासून बायका इथे येतात. बेडगी, संकेश्वरी, पांडी अशा मिरच्या निवडायच्या, धणे, दगडफूल, नाकेश्वर मोजून घ्यायचं, ते भाजून घ्यायचं आणि आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायचं. खोकत, डोळे पुसत रांगेत उभ्या असलेल्या या बायकांतल्या कितीतरी जणींचं माहेर किंवा सासर इथल्याच चाळीतलं असतं. दूर राहायला गेलेलं गिरणगाव वर्षातून दोनदा घरी येतं, मसाल्याला आणि गणपतीला. गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा आणि लालबागचा राजा १९३४ पासूनचा. गिरण्या गेल्या तरी दोघांचे मंडप तिथेच पडतात.

फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, खाली मॉल आहे. भोंग्यावर धावणारी गर्दी आता कार्यालयांच्या वेळेवर धावते, पण रस्ते आणि पूल त्या मानाने वाढले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. या भागाच्या बदलाचा हिशेब मांडताना ही बाजू विसरून चालणार नाही. चांगलंही घडलं आहे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळ गेल्याची हळहळ बाहेर राहणाऱ्यांना जास्त असते. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला ती फारशी नसते. तिचं म्हणणं रास्तच आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मात्र सुमारे दीड लाख अर्ज आले आणि त्यातले बहुतेक वारस अजून वाट पाहत आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय आकार घेतं आहे. तिथे साचे असतील, चात्या असतील. त्यांच्या शेजारी खाणावळवालीची खोलीही हवी: परात, पोळपाट, पितळी डबे आणि उधारीची वही. वाचकहो, तुमच्या आजीने, मावशीने, आत्याने गिरणगावात खाणावळ चालवली असेल, तर तिची वही, तिचा डबा जपून ठेवा. आणि ती हयात असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ बसून तिच्या मेंबरांची नावं लिहून घ्या.