हवेतून खत काढणारे दोघे

जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या पुढे गेली आहे. यातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न कारखान्यात तयार झालेल्या नत्रावर पिकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे नत्र हवेतून मिळवण्याची रीत फ्रित्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि कार्ल बॉश याने चार वर्षांत तिच्यावर चालणारा कारखाना उभा केला. विसाव्या शतकाचा इतिहास सेनापती आणि पुढाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. पण माणसांची संख्या चौपटीहून अधिक वाढूनही अन्न पुरले, यात या दोघांचा वाटा कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा मोठा आहे.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र असतो, तरी पिकांना तो थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती जोडी तोडायला प्रचंड ऊर्जा लागते. निसर्गात हे काम वीज चमकताना थोडे होते आणि काही जिवाणू ते सतत करतात. हरभरा, तूर, ताग यांच्या मुळांवरच्या गाठींत असेच जिवाणू राहतात. म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकांची फेरपालट करत आले, शेणखत टाकत आले. मात्र या मार्गाने मिळणाऱ्या नत्राला मर्यादा होती आणि ती अखेर पिकाची, म्हणजे माणसांच्या संख्येचीही मर्यादा ठरत होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपने ही तूट दक्षिण अमेरिकेतून भरून काढली. आधी पेरूच्या बेटांवर साचलेली समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजे भरभरून आणली गेली. ती संपत आल्यावर अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्याची पाळी आली. याच सोऱ्याच्या प्रदेशावरून १८७९ मध्ये चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध पेटले. चिली जिंकला आणि बोलिव्हियाने आपला समुद्रकिनारा कायमचा गमावला. १८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टॉल येथील भाषणात इशारा दिला की, सोऱ्याचे साठे संपले की गहू खाणाऱ्या देशांवर उपासमारीची वेळ येईल आणि त्यातून सोडवणूक होईल ती रसायनशास्त्राच्या हातून. जर्मनीला ही चिंता अधिक होती. तिचा सगळा सोरा समुद्रमार्गे येई आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराची सत्ता होती. शिवाय सोरा खताइतकाच स्फोटकांसाठीही लागत असे.

हाबरचा जन्म १८६८ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या ज्यू व्यापारी घराण्यात झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. कार्ल्सरूह येथे प्राध्यापक असताना त्याने नत्र आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया करण्याचा प्रश्न हाती घेतला. यात एक पेच होता. तापमान वाढवले की क्रिया वेगाने होते, पण तयार झालेला अमोनिया त्याच उष्णतेने पुन्हा फुटतो. तापमान कमी ठेवले तर क्रिया जवळजवळ होतच नाही. वाल्थर नर्न्स्ट या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हाबरचे आकडे चारचौघांत चुकीचे ठरवले, तेव्हा दुखावलेला हाबर अधिकच ईर्षेने कामाला लागला. उत्तर दाबात सापडले. वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब, सुमारे ५५० अंश तापमान आणि क्रियेला वेग देणारा उत्प्रेरक म्हणून ऑस्मियम हा दुर्मीळ धातू, असा मेळ त्याने बसवला. इतका दाब सोसणारे उपकरण बनवण्यात रॉबर्ट ल रोसिन्योल या त्याच्या इंग्रज सहकाऱ्याचे कसब होते, आणि त्याचे नाव बहुतेक ठिकाणी गाळले जाते.

जुलै १९०९ मध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीची माणसे प्रयोग पाहायला आली. ऐन वेळी उपकरण बिघडले. दुरुस्तीला काही तास गेले, तोवर बॉश निघूनही गेला होता. मागे थांबलेल्या त्याच्या सहकाऱ्याने, अल्विन मिटाशने, मात्र नळीतून थेंब थेंब पडणारा द्रव अमोनिया पाहिला आणि त्याची खात्री पटली. मिळालेले प्रमाण तासाला शंभर-सव्वाशे मिलिलिटर इतकेच होते.

इथून पुढचे काम हाबरच्या शोधाहून कमी अवघड नव्हते, किंबहुना अधिकच होते. बॉश रसायनशास्त्र शिकलेला होता आणि त्याला धातुकामाचीही जाण होती. जगातला सगळा ऑस्मियम गोळा केला तरी मोठ्या कारखान्याला पुरला नसता, म्हणून मिटाशने स्वस्त उत्प्रेरकाचा शोध सुरू केला आणि हजारो चाचण्या घेतल्या. स्वीडनच्या एका खाणीतले लोहखनिज अनपेक्षितपणे चांगले ठरले. त्यातल्या किरकोळ अशुद्धींमुळेच ते प्रभावी होते, हे लक्षात आल्यावर लोखंडात ठरावीक प्रमाणात इतर ऑक्साइडे मिसळून उत्प्रेरक तयार झाला.

दुसरी अडचण पोलादाची. सुरुवातीच्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन बाहेर काढतो आणि धातू ठिसूळ होतो, हे बॉशने तुकडे तपासून ओळखले. त्याची युक्ती साधी होती: आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर दाब पेलणारे पोलाद, आणि त्या पोलादाला बारीक छिद्रे, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निरुपद्रवीपणे निघून जावा. सप्टेंबर १९१३ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला.

वर्षभरात महायुद्ध पेटले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे चिलीचा सोरा बंद झाला. तेव्हा अमोनियापासून नायट्रिक आम्ल करून त्यातून स्फोटके बनवण्याची सोय बॉशने केली, आणि १९१७ मध्ये लॉयना येथे आणखी मोठा कारखाना उभा राहिला. हा अमोनिया नसता तर जर्मनीला चार वर्षे लढता आले नसते, असे अनेक इतिहासकार मानतात.

हाबर आणखी पुढे गेला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईपर येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, त्याची आखणी आणि देखरेख त्याची होती. काही दिवसांतच त्याची पत्नी क्लारा इमरवार हिने त्याच्याच पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडली. ती स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली होती. तिने तसे का केले यावर चरित्रकारांचे एकमत नाही. युद्धानंतर हाबरला १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा शत्रुराष्ट्रांतल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. बॉशला ते १९३१ मध्ये फ्रीड्रिश बर्गियुसबरोबर मिळाले. मधल्या काळात, १९२१ मध्ये, ओपाऊच्या खतसाठ्याचा स्फोट होऊन ५०० हून अधिक माणसे मेली होती.

१९३३ मध्ये नाझी सत्तेने ज्यू कर्मचाऱ्यांना काढण्याचा कायदा केला. युद्धसेवेमुळे हाबरला स्वतःला सवलत होती, पण आपल्या संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांना काढणे त्याने नाकारले आणि राजीनामा दिला. जानेवारी १९३४ मध्ये तो बासेल येथे वारला. पुढच्या वर्षी सरकारी विरोध झुगारून भरलेल्या शोकसभेला बॉश हजर होता. मात्र त्याच्याच आयजी फार्बेन कंपनीने १९३३ च्या निवडणुकीत नाझींना मोठी देणगी दिली होती. हाबरच्या संस्थेत किडे मारण्यासाठी सुरू झालेल्या संशोधनातून पुढे झायक्लॉन-बी आले आणि छळछावण्यांत ते माणसांवर वापरले गेले. बळी पडलेल्यांत हाबरचे काही नातलगही होते.

शेतीवरचा खरा परिणाम दुसऱ्या महायुद्धानंतर दिसला. स्फोटकांसाठी उभारलेली क्षमता खताकडे वळली. भारतात सिंद्री येथील कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, तर मुंबईत तुर्भे येथे १९६० च्या दशकात खतनिर्मिती सुरू झाली. जुन्या उंच गव्हाला जादा नत्र दिले की पीक लोळत असे. बुटक्या वाणांना ते पेलता आले, म्हणून हरितक्रांती बियाण्याइतकीच युरियाचीही होती.

या खताचा हिशेब मात्र एकतर्फी नाही. शेतात टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी नत्र पिकाच्या उपयोगी पडते. उरलेले विहिरींत नायट्रेट म्हणून उतरते, नद्यांतून समुद्रात जाऊन शेवाळ वाढवते किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत मिसळते, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पट उष्णता धरतो. कारखान्यांना लागणारा हायड्रोजनही मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच येतो. सौर किंवा पवन विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून तो वापरण्याचे प्रकल्प आता अनेक देशांत, भारतातही, आखले जात आहेत. पुढची क्रिया मात्र तीच राहते: उच्च दाब, शेकडो अंश तापमान आणि मिटाशच्या चाचण्यांतून निघालेल्या घराण्यातला लोखंडी उत्प्रेरक.