धायटी: शिंजिरांसाठी लावायचं झुडूप

पावसाळ्यात हिरवंगार असलेलं डोंगरावरचं गवत जानेवारीत वाळून पिवळं पडतं, तेव्हा मुंबईतल्या आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर धायटी फुलायला लागते. पानं विरळ होतात आणि कमानीसारख्या वाकलेल्या लांब फांद्या बुंध्यापासून टोकापर्यंत शेंदरी-लाल नळ्यांनी भरून जातात. हे झुडूप बागेत आणावं असं आपल्याकडे फार थोड्यांना वाटतं, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. बागेच्या हौशी माणसांकडून चौकशी येते ती बहुतेक केप फुशियाची. तिची चित्रं मोहक असतात, लाल लोंबत्या नळ्यांचे घोस दिसतात, आणि हे आपल्या गच्चीवर येईल का, असा प्रश्न पडतो.

मुंबईत ती तग धरणं कठीण. केप फुशिया दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्गच्या डोंगराळ भागातली, ओढ्याकाठी वाढणारी. तिला थंड रात्री लागतात, मुळांशी ओल लागते आणि ते पाणी साचून राहिलेलं चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्रसुद्धा उकडत असते, आणि त्यापाठोपाठ चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. अशा हवेत ती मुळापासून कुजते. पण तिच्या फुलाची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यातूनच धायटीकडे जायची वाट मिळते. केप फुशियाच्या नळ्या बाहेरच्या बाजूला न वळता मागे, खोडाच्या दिशेने झुकलेल्या असतात. तिकडचे शिंजीर खोडावर बसून मध पितात, त्यांच्या चोचीला सोयीचं व्हावं अशी ही रचना. शिंजीर हमिंगबर्डसारखा हवेत तरंगत फार वेळ पीत नाही, त्याला बसायला फांदी लागते. हेच पक्षिकुल आपल्याकडेही आहे. आरेत जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर वर्षभर दिसतात. त्यांच्यासाठी इथल्या डोंगराने घडवलेलं फूल म्हणजे धायटी.

एक फूल बोटात धरून नीट पाहावं. लाल दिसते ती पाकळी नसून निदलपुंजाची नळी असते, जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब आणि किंचित बाकदार. पाकळ्या सहा, पण इतक्या बारीक आणि पातळ की नळीच्या दातांमध्ये शोधाव्या लागतात. बारा पुंकेसर नळीबाहेर डोकावतात. मध नळीच्या तळाशी असतो, त्यामुळे चोच आत गेली की पराग शिंजिराच्या कपाळाला लागतात. पाकळ्या लवकर गळून जातात, नळी मात्र फळ धरेपर्यंत रंग टिकवून राहते, म्हणून झुडूप आठवडेच्या आठवडे लाल दिसतं. पान उलटं करून पाहिलंत तर खाली करडी मखमल आणि त्यावर काळे ठिपके दिसतील. फुलं नसताना धायटी ओळखायची ती या ठिपक्यांवरून. कुळ मेंदीचं; तामण आणि डाळिंबही त्याच घरातली.

आता रोप कुठून आणायचं? डोंगरावरून उपटून आणायचं नाही. राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेणं गुन्हा आहे, आणि आरेचाही 800 एकरांहून थोडा जास्त भाग 2020 नंतर राखीव वन म्हणून जाहीर झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उपटलेली धायटी सहसा जगत नाही. तिची मुळं मुरमात खोलवर गेलेली असतात आणि उपटताना तुटतात. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत चौकशी करावी, किंवा कोणाच्या शेतबांधावर, आवारात झुडूप असेल तर त्यांना विचारून बी किंवा फांदी मागावी. आयुर्वेदात धायटीच्या फुलांना, म्हणजे धातकीला, मोठा मान आहे. दशमूलारिष्ट आणि अशोकारिष्ट यांसारख्या औषधांत ती आंबवण्यासाठी घालतात. काढा आणि गूळ यांच्या मिश्रणात फुलांबरोबर आलेलं यीस्ट वाढतं आणि आंबण्याला सुरुवात होते. या मागणीमुळे रानातली फुलं मोठ्या प्रमाणावर तोडली जातात. तोडलेल्या फुलाचं बी होत नाही. म्हणून घरी वाढवलेली, बी धरू दिलेली एक धायटी मला मोलाची वाटते.

बियांचा मार्ग आधी सांगतो, कारण त्यातच लोक सर्वाधिक अडतात. वाळलेल्या नळीच्या आतच लहानशी बोंडं असतात. एप्रिल-मे मध्ये ती तपकिरी होतात. ती उकलायच्या आधी डहाळी कापून कागदी पिशवीत उलटी घालावी आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवावी. मग बोटांनी चोळून चहाच्या गाळणीतून गाळावं. खाली पडेल ती जवळजवळ धूळच वाटेल, पण तेच बी. एवढ्या बारीक बियांत साठवलेलं अन्न नसल्यासारखंच असतं. मातीखाली अर्धा सेंटिमीटर गाडलं तरी अंकुराची ताकद वर येण्याआधी संपते. म्हणून बी पेरायचं ते पृष्ठभागावर, वर माती अजिबात न टाकता.

पसरट ट्रेमध्ये निम्मी बारीक वाळू आणि निम्मं चाळलेलं पानांचं खत घ्यावं, हलकेच दाबून सपाट करावं. बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरावं. मिसळलं नाही तर एकाच जागी ढीग पडतो. झारीने पाणी घालू नये, बी वाहून कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावा, खालून ओल चढून वरचा थर काळपट दिसला की बाहेर काढावा. वर पारदर्शक प्लास्टिक, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. ते दिसताच प्लास्टिक काढून टाकावं. कोंदट हवेत एका रात्रीत रोपांच्या माना बारीक होऊन ती आडवी पडतात. या मर रोगाने मुंबईच्या जूनमध्ये आख्खा ट्रे जातो. म्हणून बी मिळाल्या मिळाल्या मे मध्येच पेरावं आणि पाऊस सुरू झाला की ट्रे छपराखाली, वारा खेळेल अशा जागी न्यावा. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की झाडूच्या काडीने मुळाखालची माती सैल करून, रोप पानाला धरून उचलावं. खोडाला धरू नये, ते चिमटलं की संपलं.

बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुलं यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. तेवढा धीर नसेल तर फांदी वापरावी.

छाट कलम पावसाळ्याच्या सुरुवातीला करतात, कारण तेव्हा हवाच दमट असते आणि पानांतून पाणी कमी उडतं. यंदाच्या फांदीचा हिरवा कोवळेपणा गेलेला, पण जून लाकूड न झालेला भाग निवडावा. पंधरा सेंटिमीटर लांबीचा, तीन-चार पेरांचा तुकडा धारदार कात्रीने पेराच्या लगेच खाली कापावा. खालची पानं काढावीत, वरची अर्धी करावीत. टोकाला मुळं फुटवणारी पावडर लावून वाळू आणि कोकोपीटमध्ये दोन पेरं जातील असं रोवावं, वर पिशवीचं छत. पाच-सहा आठवडे ओढून पाहू नये. धायटीची छाट कलमं सगळी लागत नाहीत, म्हणून गरजेपेक्षा जास्त लावावीत.

माझी पसंती मात्र दाब कलमाला. धायटीच्या फांद्या मुळातच जमिनीकडे झुकतात, त्यामुळे हे काम तिच्या स्वभावाला धरून होतं. जूनमध्ये एक लवचीक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवावी. जिथे ती मातीला टेकते तिथे पेराखाली दोन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढून घ्यावी, आतलं लाकूड न दुखवता. पानांत तयार झालेलं अन्न आणि मुळं फुटवणारं संप्रेरक सालीतून खाली येतं. साल तुटली की ते काढलेल्या भागाच्या वरच्या कडेला अडकून साचतं आणि तिथेच मुळं फुटतात. लाकडातून पाणी मात्र आईच्या मुळांकडून मिळतच राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. छाट कलमात जी भीती असते ती इथे नाही. त्या जागेवर माती टाकून विटेचा तुकडा ठेवावा. सप्टेंबरअखेर फांदी हलकेच हलवली आणि ती मातीत घट्ट वाटली, तर मूळ झाडाकडून कापून वेगळी करावी; लगेच हलवू मात्र नये, दोन आठवडे तिथेच राहू द्यावी.

कुंडी 14-16 इंचांची घ्यावी, छिद्रं मोकळी असावीत. एक भाग मुरूम, एक भाग लाल माती, अर्धा भाग कुजलेलं शेणखत. याहून श्रीमंत माती नको. नत्र जास्त झालं की झुडूप पानांनी माजतं आणि फुलं कमी येतात. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवंच, त्यामुळे दोन इमारतींमधल्या अरुंद फटीतल्या बाल्कनीत ती लावू नये. पहिल्या वर्षी नियमित पाणी, पुढे बेताने. नोव्हेंबरनंतर मातीचा वरचा थर पुरता सुकू द्यावा, डोंगरावर तिला तशीच कोरड मिळते. त्या दिवसांत पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नये. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निंबोळी अर्क मारावा, पण फुलं असताना नाही. फुलावर मधमाश्याही येत असतात.

छाटणी कधी करायची हे सर्वांत महत्त्वाचं. फुलं गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत येतात. ऑक्टोबरमध्ये नीटनेटकं करायच्या हौसेने कात्री चालवली तर त्या हंगामाचा बहर कापला जातो. सोसायट्यांच्या बागांत हे वारंवार घडतं, आणि मग झाड फुलत नाही म्हणून काढून टाकतात. छाटायचं ते बी गोळा करून झाल्यावर, मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी. तेव्हा जुन्या फांद्या एक-तृतीयांशापर्यंत मागे घेतल्या तरी चालतात. धायटी बुंध्यातून जोमाने फुटते. कापलेल्या फांद्यांतल्या फार कोवळ्या किंवा जून नसलेल्या, सरळ डहाळ्या बाजूला काढून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात आणि त्याच दिवशी छाट कलमांना वापराव्यात किंवा शेजाऱ्यांना द्याव्यात. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्या तर त्या लागण्याची शक्यता फार कमी होते.